तेलुगू देसम, १९८२ ते १९८४ : नऊ महिन्यांत मिळालेली सत्ता आणि दीड वर्षात आलेले संकट

प्रकरणाचे स्वरूप

तेलुगू चित्रपटसृष्टीतील सर्वाधिक लोकप्रिय नट एन. टी. रामाराव यांनी २९ मार्च १९८२ रोजी हैदराबादेत तेलुगू देसम हा पक्ष जाहीर केला आणि ९ जानेवारी १९८३ रोजी त्याच शहरातील लालबहादूर स्टेडियमवर आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. त्यांच्यामागे ना जुना पक्ष होता, ना स्वातंत्र्यलढ्याचा वारसा, ना एखाद्या कामगार किंवा शेतकरी संघटनेचे बळ. या यशाचे नेहमीचे स्पष्टीकरण असे असते की ज्या माणसाला लोकांनी पडद्यावर कृष्ण आणि राम म्हणून पाहिले, त्याला त्यांनी देव समजून मते दिली. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, आणि तेलुगू मतदाराच्या दृष्टीने ते अन्यायाचेही आहे. नटाच्या लोकप्रियतेमुळे गर्दी जमली यात वाद नाही, पण गर्दीचे मतांत आणि मतांचे जागांत रूपांतर होण्यासाठी काही निर्णय घ्यावे लागले. त्यांतले काही अतिशय नेमके होते, तर काहींची किंमत पक्षाला पुढे मोजावी लागली. या टिपणात त्या निर्णयांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

१९५६ साली भाषिक राज्य म्हणून आंध्र प्रदेशची स्थापना झाल्यापासून तेथील प्रत्येक मुख्यमंत्री काँग्रेसचाच होता. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर भारतात इंदिरा गांधींचा पक्ष वाहून गेला, तेव्हाही आंध्रातल्या ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या, आणि १९८० साली पुन्हा तोच आकडा आला. १९७८ च्या विधानसभेत २९४ पैकी १७५ जागा इंदिरा काँग्रेसकडे होत्या. कागदावर हा काँग्रेसचा सर्वात भक्कम बुरूज होता.

प्रत्यक्षात तो आतून पोकळ होत गेला. १९७८ ते १९८३ या एकाच विधानसभेच्या कार्यकाळात मर्री चेन्ना रेड्डी, टी. अंजय्या, भवनम वेंकटरामी रेड्डी आणि कोटला विजयभास्कर रेड्डी असे चार मुख्यमंत्री झाले, आणि प्रत्येकाची नेमणूक व गच्छंती दिल्लीत ठरली. महाराष्ट्राच्या वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही, कारण १९८२ च्या जानेवारीत अंतुले गेले, बाबासाहेब भोसले आले आणि वर्षभरात वसंतदादा पाटील यांना आणावे लागले, ते याच पद्धतीने. आंध्रात मात्र या पद्धतीला अपमानाचा एक जाहीर प्रसंग जोडला गेला. १९८२ च्या सुरुवातीस राजीव गांधी हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर उतरले असता, मुख्यमंत्री अंजय्या यांनी स्वागताचा मोठा थाट मांडला म्हणून त्यांना सर्वांसमक्ष बोल लावले गेले. राजीव तेव्हा पक्षाचे एक तरुण खासदार होते आणि अंजय्या हे निवडून आलेल्या सरकारचे प्रमुख होते. ही बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि तेलुगू माणसाचा मान दिल्लीच्या दारात गहाण पडला आहे, ही भावना ज्यांना राजकारणात फारसा रस नव्हता त्यांच्यापर्यंतही पोचली.

याच्या मुळाशी एक सामाजिक गोष्टही होती. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यातील कम्मा शेतकरी समाज पाटबंधाऱ्यांच्या शेतीतून सधन झाला होता. चित्रपट, वृत्तपत्रे आणि उद्योग यांत त्याचे भांडवल होते, पण राज्याचे मुख्यमंत्रिपद त्याच्या वाट्याला कधी आले नव्हते. मागासवर्गीय जातींची संख्या मोठी असूनही काँग्रेसच्या उमेदवारीत त्यांना मिळणारे स्थान तुटपुंजे होते. विरोधी पक्षांपैकी कम्युनिस्टांची ताकद १९६४ च्या फुटीनंतर ओसरली होती आणि जनता पक्ष मोडकळीस आला होता. त्यामुळे असंतोष होता, पण तो सांगायला जागा नव्हती.

रामाराव त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे होते. कृष्णा जिल्ह्यातल्या निम्मकुरू गावी १९२३ साली जन्मलेले, काही काळ सब-रजिस्ट्रार कचेरीत नोकरी केलेले आणि १९४९ पासून चित्रपटांत काम करणारे हे गृहस्थ पक्ष काढेपर्यंत एकही निवडणूक लढलेले नव्हते. १९७७ च्या नोव्हेंबरात दिविसीमा भागात वादळाने हाहाकार उडवला, तेव्हा त्यांनी मदतनिधीसाठी राज्यभर दौरा केला होता. लोकांसमोर रस्त्यावर उतरण्याचा अनुभव त्यांना होता तो अशा मदतदौऱ्यांचा.

प्रश्न

पक्ष जाहीर झाला तेव्हा संस्थापकांसमोर तीन अडचणी एकाच वेळी उभ्या होत्या. विधानसभेची मुदत संपत आली होती, त्यामुळे वर्षभराच्या आत २९४ मतदारसंघांत उमेदवार उभे करायचे होते. चाहत्यांची मंडळे गावोगावी होती, पण त्यांना चित्रपटाचा पहिला खेळ साजरा करण्याची सवय होती, मतदान केंद्रावर प्रतिनिधी बसवण्याची नव्हे. शिवाय ज्यांना राज्यकारभाराचे आणि निवडणुकीचे ज्ञान होते, अशी माणसे जवळजवळ सगळी काँग्रेसमध्येच होती.

शेजारच्या तमिळनाडूतील उदाहरण डोळ्यांसमोर होते, पण ते फसवे ठरू शकले असते. एम. जी. रामचंद्रन यांनी १९७२ साली पक्ष काढला तेव्हा ते द्रमुकचे खजिनदार आणि आमदार होते. द्रमुकच्या संघटनेचा मोठा भाग त्यांच्यासोबत बाहेर पडला, आणि तरीही सत्तेपर्यंत पोचायला १९७७ उजाडले. रामाराव यांच्यापाशी फोडायला पक्षच नव्हता आणि पाच वर्षांचा अवधीही नव्हता.

विचारात घेण्याजोगे पर्याय

पहिला पर्याय एखाद्या राष्ट्रीय पक्षात जाण्याचा होता. काँग्रेसने त्यांचे स्वागतच केले असते, पण मग ज्या दिल्लीधार्जिण्या व्यवस्थेविरुद्ध लोकभावना होती, तिचाच एक भाग होऊन राहावे लागले असते. जनता पक्ष वा कम्युनिस्टांच्या मंचावरून प्रचार करणे हा दुसरा मार्ग होता. त्यात जोखीम कमी होती, पण मते गोळा होऊन विखुरली असती.

तिसरा मार्ग म्हणजे स्वतंत्र पक्ष काढून या वेळी मोजक्या जागा लढवणे, संघटना बांधणे आणि खरी लढत १९८८ साली देणे. कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या जाणकाराने बहुधा हाच सल्ला दिला असता. मला तो सल्ला चुकीचा ठरला असता असे वाटते, कारण काँग्रेसविरुद्धचा राग हा त्या क्षणाचा होता. पाच वर्षांत एखादा समर्थ काँग्रेस मुख्यमंत्री टिकला असता, तर ती जागा भरून निघाली असती. म्हणून सर्व जागा आणि पहिल्याच फटक्यात सत्ता, हा चौथा आणि सर्वात धोक्याचा पर्याय रामाराव यांनी निवडला. त्यामागे किती हिशेब होता आणि किती आत्मविश्वास, हे वेगळे काढणे अवघड आहे.

प्रत्यक्ष कृती

सर्वात आधी मुद्दा ठरला, आणि तो एकच ठरला : तेलुगू लोकांचा आत्मगौरव. या एका शब्दाने केलेले काम समजून घ्यायला हवे. १९६९ साली तेलंगणात आणि १९७२ साली किनारी आंध्रात वेगळ्या राज्यासाठी मोठी आंदोलने झाली होती आणि त्यांच्या जखमा ताज्या होत्या. पाण्याचा, नोकऱ्यांचा किंवा विकासनिधीचा कोणताही मुद्दा घेतला असता, तर तो एका विभागाला जवळ आणि दुसऱ्याला दूर करणारा ठरला असता. आत्मगौरवाचा मुद्दा दिल्लीकडे बोट दाखवत होता, त्यामुळे तेलंगणा, रायलसीमा आणि किनारपट्टी यांना तो एकत्र उच्चारता आला.

त्यानंतर दौरा सुरू झाला. एक जुनी शेवरोले गाडी बदलून घेऊन तिला ‘चैतन्य रथम’ असे नाव दिले गेले, तिच्या टपावर उभे राहून बोलण्याची सोय केली गेली आणि ती चालवायला रामाराव यांचे पुत्र हरिकृष्ण बसले. खाकी कपडे, रस्त्याकडेला जेवण, गाडीतच झोप आणि दिवसाला अनेक गावे, असा हा क्रम महिनोन्महिने चालला. प्रचाराचे हे तंत्र आज सर्व पक्षांनी उचलले आहे, पण १९८२ साली ते नवे होते, आणि संघटना नसलेल्या पक्षासाठी तर ते अचूक होते. मोठ्या सभेला मंडप, व्यासपीठ, वाहने आणि माणसे आणणारे स्थानिक पुढारी लागतात, आणि असे पुढारी काँग्रेसकडे होते. गाडीच्या टपावरून बोलणाऱ्याला त्यांची गरज उरत नाही. गाव सभेला येण्याऐवजी सभाच गावात आली, आणि मधल्या दलालांची साखळी आपोआप गळून पडली. स्त्रिया मोठ्या संख्येने रस्त्यावर येऊन उभ्या राहू लागल्या. रामाराव त्यांना भाषणात माहेरच्या लेकीबाळी म्हणून संबोधत असत. ‘तेलुगू देसम हाक देतो आहे, या, निघा’ अशा अर्थाची घोषणा गावोगाव पोचली.

याला वृत्तपत्राची जोड मिळाली. रामोजी राव यांनी १९७४ साली विशाखापट्टणमहून सुरू केलेले ‘ईनाडू’ हे दैनिक तोवर राज्यभर पसरले होते. त्याने दौऱ्याचे वार्तांकन दररोज ठळकपणे केले, म्हणजे ज्या गावात गाडी पोचली नव्हती तेथे तिची बातमी आधी पोचत होती. वृत्तपत्राने पक्षाचा उघड पुरस्कार करावा का, हा पत्रकारितेच्या नीतीचा गंभीर प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर माझ्या मते नकारार्थीच आहे. परंतु राजकीय परिणामाच्या दृष्टीने पाहता, या आधाराविना नऊ महिने पुरले नसते.

उमेदवारनिवडीत पक्षाने मोठा धोका पत्करला. डॉक्टर, वकील, शिक्षक, पदवीधर तरुण आणि मागासवर्गीय जातींतील कार्यकर्ते यांना मोठ्या प्रमाणावर तिकिटे दिली गेली, आणि त्यांपैकी बहुतेकांनी याआधी निवडणूक लढवलेली नव्हती. या निर्णयाचे फळ दूरगामी होते. मागासवर्गीयांचा जो पाठिंबा पक्षाला पुढे अनेक निवडणुकांत मिळत राहिला, त्याची मुळे १९८३ च्या या तिकीटवाटपात आहेत. मात्र नवख्यांच्या जोडीला काही अनुभवी माणसे हवीत म्हणून काँग्रेसमधील नाराजांनाही दार उघडले गेले. त्यांपैकी सर्वात वजनदार नाव नादेंडला भास्कर राव यांचे होते. ते काँग्रेस सरकारात मंत्री राहिलेले होते, आणि पक्षबांधणीत त्यांचा वाटा मोठा होता.

आश्वासनांत दोन रुपये किलो तांदूळ हे सर्वात प्रभावी ठरले. ते इतके प्रभावी होते की काँग्रेस सरकारनेही निवडणुकीच्या तोंडावर एक रुपया नव्वद पैशांच्या तांदळाची योजना जाहीर केली. मतदाराने स्वस्त आश्वासन सोडून महाग आश्वासन निवडले, ही बाब मला या संपूर्ण प्रकरणात सर्वात बोलकी वाटते, कारण लोक तांदळाच्या दराबरोबरच तो देणाऱ्याच्या शब्दाचेही मोल करत होते.

निकाल

काँग्रेसने निवडणूक काहीशी अलीकडे आणून ५ जानेवारी १९८३ रोजी घेतली. नव्या पक्षाला श्वास घ्यायला वेळ मिळू नये, हा हेतू त्यामागे असावा. परिणाम उलटा झाला, कारण दौऱ्याचा जोर तेव्हा शिगेला पोचला होता. तेलुगू देसमला २९४ पैकी दोनशेहून अधिक जागा मिळाल्या, काँग्रेस ६० वर आली. डाव्या पक्षांशी जागावाटप न करता हा विजय मिळाला होता. रामाराव स्वतः गुडिवाडा आणि तिरुपती अशा दोन्ही ठिकाणी निवडून आले.

त्याच दिवशी शेजारच्या कर्नाटकातही मतदान झाले. तेथे कोणत्याही नटाने पक्ष काढलेला नव्हता, तरीही काँग्रेस हरली आणि रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री झाले. मात्र तेथील जनता पक्षाला ९५ जागा मिळाल्या, म्हणजे स्पष्ट बहुमत मिळाले नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की नटाच्या वलयाचे माप बरेचसे कळते : काँग्रेसच्या पराभवाची जमीन त्याच्याविनाही तयार होती, पण त्या पराभवाचे एका पक्षाच्या प्रचंड बहुमतात रूपांतर त्याने केले. याच्या उलट बाजूचा पुरावा २००९ साली मिळाला. तेलुगू पडद्यावरील तितकेच लोकप्रिय नट चिरंजीवी यांनी ऑगस्ट २००८ मध्ये प्रजाराज्यम पक्ष काढला, गर्दीही अफाट जमली, पण समोर वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्यासारखा पाय रोवून बसलेला काँग्रेस मुख्यमंत्री होता. प्रजाराज्यमला २९४ पैकी १८ जागा मिळाल्या आणि २०११ साली तो पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला.

सत्तेनंतरचे निर्णय

दोन रुपयांचा तांदूळ प्रत्यक्षात आला आणि खजिन्यावर त्याचा ताण पडला तरी तो टिकला. आपल्याकडच्या पाटील-कुलकर्णी वतनांसारखी गावपातळीवरची वंशपरंपरागत पदे १९८४ साली रद्द झाली, आणि पुढे मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा देणारा कायदा झाला. देशभर तशी दुरुस्ती व्हायला २००५ उजाडले. हे निर्णय धाडसाचे होते आणि त्यांचे श्रेय रामाराव यांना निःसंकोच द्यायला हवे.

पण निर्णय घेण्याची पद्धत एकहाती होती. सरकारी कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ वरून एकदम ५५ वर आणले गेले, तेव्हा हजारो कुटुंबांचे गणित एका फटक्यात कोलमडले. सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय वैध ठरवला, तरी ज्या मध्यमवर्गाने पक्षाला उचलून धरले होते त्यातील एक मोठा गट कायमचा दुखावला गेला. मंत्र्यांना आणि आमदारांना निर्णय वर्तमानपत्रांतून कळू लागले, तर त्यांच्या मनात पक्षाविषयी आपलेपणा कसा राहावा, या प्रश्नाकडे कोणी लक्ष दिले नाही.

ऑगस्ट १९८४ चे संकट

रामाराव अमेरिकेत हृदयशस्त्रक्रिया करून ऑगस्टच्या मध्याला परतले, आणि १६ ऑगस्ट १९८४ रोजी राज्यपाल रामलाल यांनी त्यांचे सरकार बडतर्फ केले. विधानसभेत बहुमताची चाचणी न घेताच अर्थमंत्री नादेंडला भास्कर राव यांना मुख्यमंत्री म्हणून शपथ देण्यात आली. पक्षबांधणीच्या वेळी अनुभवासाठी ज्यांना सोबत घेतले होते, त्यांनीच सरकार पाडले होते.

यानंतरच्या महिन्यात रामाराव यांनी घेतलेले निर्णय कोणत्याही मुरब्बी पुढाऱ्याला शोभतील असे होते. आपल्या बाजूच्या दीडशेहून अधिक आमदारांना त्यांनी राष्ट्रपती झैलसिंग यांच्यासमोर दिल्लीत उभे केले. स्वतः ते चाकांच्या खुर्चीतून गेले होते. आमिषांपासून दूर ठेवण्यासाठी आमदारांना कर्नाटकात, हेगडे सरकारच्या आसऱ्याला ठेवण्यात आले. देशभरचे विरोधी पक्ष पाठीशी उभे राहिले. १९८३ च्या मे महिन्यात विजयवाड्याला विरोधी नेत्यांची परिषद भरवून रामाराव यांनी जे संबंध जोडले होते, ते आता उपयोगी पडले. राज्यपाल बदलले गेले, शंकरदयाळ शर्मा आले, आणि १६ सप्टेंबर रोजी रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने देशात चारशेहून अधिक जागा घेतल्या, पण आंध्रातील ४२ पैकी ३० जागा तेलुगू देसमने जिंकल्या आणि एक प्रादेशिक पक्ष लोकसभेतील सर्वात मोठा विरोधी पक्ष झाला. या निवडणुकीचा एक धागा थेट विदर्भात येतो. पी. व्ही. नरसिंह राव आपल्या घरच्या हनमकोंडा मतदारसंघात हरले आणि नागपूरजवळच्या रामटेकमधून लोकसभेत गेले.

काय वेगळे करता आले असते

भास्कर राव यांना पक्षात घेणेच चूक होते, असे म्हणणे सोपे आहे. १९८२ च्या उन्हाळ्यात निवडणूक जाणणारी माणसे हवीच होती, आणि ती काँग्रेसमधूनच येणार होती. चूक त्यानंतरची आहे. पक्षाच्या घटनेनुसार चालणारी कार्यकारिणी, जिल्हा पातळीवरच्या निवडणुका आणि निर्णयांवर खुली चर्चा, यांपैकी काही उभे राहिले असते, तर असंतुष्टांना आपले म्हणणे पक्षातच मांडता आले असते आणि भास्कर राव यांच्यामागे जे थोडेथोडके आमदार गेले, तेवढेही गेले नसते. बहुमत दोनशेच्या वर होते. असे काम करायला १९८३ इतके निर्धास्त वर्ष दुसरे मिळणार नव्हते. निवृत्तीवयाचा निर्णयही टप्प्याटप्प्याने, संघटनांशी बोलून घेता आला असता.

राज्यपालांच्या कृतीबाबत पक्षाच्या हाती फारसे काही नव्हते. पक्षांतरबंदी कायदा १९८५ साली आला, आणि बहुमताचा फैसला सभागृहातच व्हावा हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली बोम्मई खटल्यात ठामपणे मांडले. ही दोन्ही कुंपणे त्या वेळी नव्हती.

खरी संधी गमावली गेली ती १९८५ च्या मार्चमध्ये, असे माझे मत आहे. सप्टेंबरच्या विजयानंतर रामाराव यांनी विधानसभा विसर्जित करून नव्याने कौल घेतला आणि पुन्हा दोनशेवर जागा मिळवल्या. संकटाने शिकवलेला धडा ताजा होता आणि पक्ष एकसंध होता. पण पक्षांतर्गत अधिकार वाटले गेले नाहीत. उलट १९८९ साली रामाराव यांनी संपूर्ण मंत्रिमंडळच एका दिवसात काढून टाकले, आणि त्याच वर्षी पक्ष सत्तेबाहेर गेला. १९९४ साली ते मोठ्या बहुमताने परतले, तरी आमदारांचे म्हणणे ऐकून घेणारे व्यासपीठ पक्षात तेव्हाही नव्हते. ऑगस्ट १९९५ मध्ये त्यांचे जावई चंद्राबाबू नायडू यांच्यामागे बहुसंख्य आमदार उभे राहिले, आणि या वेळी राष्ट्रपतींसमोर उभे करायला संस्थापकाकडे बहुमतच उरले नव्हते.